चूल कार्डावर दिसत नाही

चूल वेगळी मांडली की घर वेगळं झालं, असं आमच्या पोलादपूरकडच्या गावात समजतात. वाटणीपत्र नाही, वकील नाही. बाईनं तीन दगड मांडले, त्यावर भात शिजवला, की झालं. मीही तशीच वेगळी झाले आणि पुढची अकरा वर्षं स्वतःला वेगळी समजत राहिले. सरकार तसं समजत नाही, हे मला नवऱ्याचा दमा वाढल्यावर कळलं.

भांडण कशावरून झालं ते सांगायची आता लाज वाटते. जळणावरून! मी आणि माझी मोठी जाऊ, जिला मी आक्का म्हणते, एकाच चुलीवर रांधायचो. पावसाआधी मी डोंगरातून मोळ्या आणून पडवीत रचून ठेवल्या होत्या. तिचा भाऊ दोन दिवस राहायला आला आणि तिनं त्याच्या आंघोळीच्या पाण्यासाठी माझी अर्धी रास जाळली. मी बोलले. ती बोलली. मी तिचं माहेर काढलं, तिनं माझं. मोठे दीर तेव्हा हयात होते, ते बिचारे उठून देवळात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी मी मागच्या पडवीत माझी चूल मांडली.

मग आम्ही सगळंच वाटून घेतलं. पाटावरवंटा तिला, खलबत्ता मला. भाताच्या कणग्या वेगळ्या, पाण्याचे हंडे वेगळे, झाडूसुद्धा वेगळा. राहिलं ते फक्त रेशनकार्ड. ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. घरातली मोठी बाई म्हणून वर तिचं नाव, खाली आम्ही सगळे. दर महिन्याला ती दुकानातून धान्य आणायची आणि आमच्या वाटचं उंबऱ्यापाशी ठेवून जायची, एक शब्द न बोलता. मला वाटायचं, काय हा तोरा!

आणखी एक गोष्ट मला फार झोंबायची. सप्त्याची वर्गणी मागायला आलेल्यानं दोन घरं धरू का असं विचारलं, की ती म्हणायची, "दोन कुठली? एकच घर हाय." लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्यालाही तेच. मी आतून ऐकायची आणि चडफडायची. एवढं भांडून वेगळी झाले, तर निदान वेगळी झाल्याचा मान तरी मिळावा की नाही? तो ती मला मिळू देत नव्हती.

नवरा एमआयडीसीतला माल पोचवायचा टेम्पो चालवायचा. तीन वर्षांपूर्वी थंडीत त्याला दम्यानं असं धरलं की टेम्पो कायमचा सुटला. कोकणात कसली आलीय थंडी, असं म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांनी पौषात आमच्या गावी पहाटे अंगणात उभं राहून दाखवावं. महाबळेश्वरकडनं घाटातून उतरणारा वारा सरळ आमच्या पडवीत शिरतो. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, गार पाणी अंगावर घ्यायचं नाही, रोज वाफारा घ्यायचा, खोलीत ऊब ठेवायची आणि धूर अजिबात नको. मी म्हटलं, "अहो डॉक्टर, मग पाणी तापवू कशावर?" त्यांनी नुसत्या गोळ्या लिहून दिल्या.

माझ्या पडवीला धुरांडं नव्हतं. चूल पेटवली की धूर नवऱ्याच्या खोलीत, विझवली की तो गारठ्यानं कुडकुडायचा. शेगडीत निखारे घालून खाटेखाली ठेवून बघितले, तर रात्रभर खोकला. विजेची कॉईल आणली, तर विजेचा दाब इतका कमी की बादली कोमट होईस्तोवर दुपार व्हायची. वर बिल बघून त्याची धाप वाढायची ती निराळीच.

गरीब घरातल्या बाईच्या नावानं गॅस मिळतो आणि सिलिंडर भरला की काही पैसे सरकार खात्यात परत घालतं, हे मला ठाऊक होतं. आक्काला तो तसाच मिळाला होता. मी कागदांची पिशवी घेऊन पोलादपूरला गॅस एजन्सीत गेले. टेबलामागच्या बाईनं कार्ड उलटसुलट करून बघितलं.

"तुमच्या घरात गॅस आहे."

"तो जावेचा. आमची चूल वेगळी आहे."

"अहो ताई, चूल कार्डावर दिसत नाही. वेगळं कार्ड करून आणा."

वेगळ्या कार्डाला आक्काची सही लागणार होती. त्यानंतर तलाठी घरी येऊन चौकशी करणार. मेले तरी तिच्या दारात जाणार नाही, असं मी एसटीत बसल्या बसल्या ठरवलं. घरी आले, नवऱ्याची छाती वाजताना ऐकली, आणि पिशवी तशीच हातात घेऊन तिच्या दारात गेले.

मी कागद वाचून दाखवला, तिनं ऐकून घेतला. म्हणाली, "मी सही करायची नाय."

"का नाय?"

"भावजींचं पाणी मी माझ्या गॅसवर तापवून देन. त्याला कागद कशाला पायजे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उंबऱ्यावर कढत पाण्याची कळशी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. हिच्या उपकारावर आता आम्ही आंघोळी करायच्या? मी कळशी उचलली आणि तिच्या डोळ्यांदेखत अंगणात उपडी केली. वाफच वाफ उठली. नवरा खाटेवरून बघत होता. संध्याकाळी त्याला गार फडक्यानं अंग पुसून दिलं तेव्हा तो शहारला, आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. ताठा माझा होता, पाणी त्याचं होतं.

पुढच्या सकाळी कळशी आली नाही. आक्काच आली. धुवट लुगडं नेसलेली, हातात रेशनकार्ड.

"चल गो. सही कुठं करायची ती दाखव."

एसटीत आम्ही एका बाकावर बसलो. अकरा वर्षांत इतक्या जवळ बसलो नव्हतो. मी खिडकीबाहेर बघत राहिले, ती कार्ड मांडीवर घेऊन बसली. कचेरीत तिनं अक्षर अक्षर लावून सही केली आणि कागद माझ्याकडं न बघता पुढं सरकवला.

पुढं सगळं रीतसर झालं. कार्ड झालं, गॅस आला, पैसेही कधी लवकर कधी उशिरा खात्यात येतात. नवरा आता सकाळी गरम पाण्यानं आंघोळ करून ओट्यावर उन्हात बसतो. टेम्पो काही परत चालवणार नाही, पण बोलतो, चिडतो, माझ्या आमटीला नावं ठेवतो. मला एवढं पुष्कळ आहे.

पण ती चौकशी मात्र माझ्या मनातून जात नाही. तलाठी आले. शेजारचे दोघं पंच म्हणून उभे राहिले. तलाठ्यांनी तिचं स्वयंपाकघर बघितलं, माझी पडवी बघितली. मी घाईनं म्हटलं, "दोन चुली आहेत, साहेब."

"तुम्ही नका सांगू. कार्ड ज्यांच्या नावावर आहे त्यांनी सांगायचं." मग आक्काकडं वळून, "मावशी, या घरात चुली किती?"

ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आता ही नेहमीचंच बोलते की काय, म्हणून माझा जीव टांगणीला लागला. तिनं पंचांकडं बघितलं, मग खाली मान घातली.

"दोन," ती म्हणाली. "दोन हायत. तिची निराळी, माझी निराळी."

तिचा आवाज फुटला होता. तलाठ्यांनी खिशातनं पेन काढलं. अकरा वर्षं मला तिच्या तोंडून हेच ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर मात्र ओरडून सांगावंसं वाटलं, साहेब, लिहू नका, खोटं आहे ते, घर एकच आहे. तोंडापर्यंत आलंही होतं. पण आत नवऱ्याला खोकल्याची उबळ आली, म्हणून मी गप्प बसले. त्यांनी लिहून घेतलं.