फ्रिजमधला कोळी

माझी ताई पासपोर्ट फोटोच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांना "हनुवटी वर, हसू नका" सांगायचं आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी दुकानाचा जुना कॅमेरा मागून घेऊन कोळ्यांमागे हिंडायचं. ओल्या गवतात पालथी पडून राहते, श्वास रोखून. आई म्हणते, "हिला माणसं दिसत नाहीत, आठ पाय असले की बरोबर दिसतं!"

पाठीवर पिल्लं घेतलेल्या मादी कोळ्याच्या एका फोटोसाठी तिने चार सुट्ट्या घालवल्या. मालकाने तो खुशाल स्वतःच्या नावाने निसर्गाच्या स्पर्धेत पाठवला, आणि मेला पहिला आला! कॅमेरा त्याचा, कार्ड त्याच्या खणात. पुरावा काय देणार, कपाळ? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "दुकानासमोर उभी राहून त्याची अब्रूच काढते."

"तू गप्प बस," ताई म्हणाली. "त्याला मी बघते."

बक्षीस समारंभाच्या आदल्या दिवशी मालक साखर पेरत तिच्या टेबलापाशी आला. "अगं, उद्या लोक विचारतील. इतका स्थिर कसा ठेवलास गं त्याला?"

ताईने मान वर न करता सांगितलं, "फ्रिजमध्ये. दहा मिनिटं. गारठ्याने सुन्न होतात." धादांत खोटं! आमच्या फ्रिजमध्ये तिने कधी मुंगीसुद्धा ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शेवटच्या रांगेत. परीक्षक बाईंनी तोच प्रश्न विचारला, तसा हा फुशारून म्हणाला, "सोपं असतं हो. फ्रिजमध्ये ठेवायचं."

"पिल्लांसकट?" बाईंनी विचारलं. त्याने मान डोलावली! जिवाला हात लावायचा नाही, हा स्पर्धेचा पहिलाच नियम. मेल्याने वाचला असेल तर शपथ. बक्षीस तिथल्या तिथे रद्द. हा घामाघूम होऊन खाली उतरला आणि मी ताईला कोपराने ढोसलं. "जिरली! चांगली जिरली!"

ताई त्याच्याकडे बघतच नव्हती. दोन माणसं शिडी लावून भिंतीवरचा तो भलामोठा फोटो उतरवत होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"ताई, अगं, फोटो तर तुझा! आता फ्रिजमधला म्हणून तो कुठेच लागायचा नाही."

"माहीत होतं मला. त्याच्या नावाने लागण्यापेक्षा नकोच."

फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला गेला, तसं तिला रडू आवरेना. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "बरं केलंस म्हण ना गं एकदा."

इतकी तोंडाळ मी, पण मला म्हणवेना.