काच तेव्हाच चढली होती

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे – का, ते मलाही नीट कळत नाही.

अंबडच्या एका कंपनीत मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करते. त्यामुळे घरात मिक्सर बिघडो की इस्त्री, हाक मलाच. धाकटी जाऊ स्वाती बँकेत नोकरीला, बोलायला गोड, आणि – गाडी चालवणारी. तिने गाडी घेतली आणि आमच्या सासूबाई तिच्याच झाल्या. आधी त्या सगळीकडे माझ्या स्कूटीवरून यायच्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून. आता पुढच्या सीटवर, पट्टा लावून, शेजारणींकडे बघत. माझा जळफळाट व्हायचा. हो, जळफळाटच. दुसरा शब्द कशाला शोधू?

त्या शनिवारी आईंच्याच – सासूबाईंना आम्ही आईच म्हणतो – बाजूची काच खाली गेली ती वर येईना. दुसऱ्या दिवशी दोघी निफाडला जाणार होत्या. आईंची धाकटी बहीण अंथरुणाला खिळली होती, सारखी त्यांची आठवण काढत होती. थंडी कडाक्याची, आईंना दमा, त्यात एसटीत बसलं की उलट्या होतात. स्वाती म्हणाली, "ताई, तुम्ही बघता का जरा?"

मी पार्किंगमध्ये दाराचं आतलं कव्हर उघडलं. मोटरला जाणाऱ्या वायरचा प्लग सैल झाला होता – एवढंच. दाबून बसवला, बटण दाबलं, काच सरसर वर. मला आनंदच झाला, खरंच सांगते. मग पान्हा ठेवायला समोरचा कप्पा उघडला आणि आत आईंची लवंगांची डबी दिसली. खोकल्याची उबळ आली की लागते ती. इतकी वर्षं ती माझ्या स्कूटीच्या डिकीत असायची. कधी हलवली त्यांनी? मला सांगावंसंही वाटलं नाही त्यांना?

मी काच पुन्हा खाली घेतली. प्लग उपसला. कव्हर लावलं, हात पुसले आणि वर जाऊन सांगितलं, मोटर गेली.

स्वाती म्हणाली, पुठ्ठा लावून हळूहळू जाऊ. मी तिच्यावरच डाफरले, "आईंना दमा आहे, कळतं का तुला?" नवरा म्हणाला, भाड्याची गाडी करू. तेही मीच मोडून काढलं – चार दिवसांनी गेलं तर काय बिघडणार आहे? गॅरेजवाल्याने बुधवार दिला. रविवारी आई माझ्याजवळ बसून मटार सोलत होत्या आणि मी – सुखात होते.

मंगळवारी सकाळी निफाडहून फोन आला. मावशी गेल्या. घरात रडारड चालू असताना मी खाली जाऊन प्लग बसवला आणि वर येऊन सांगितलं, खटपट करून चालू केली एकदाची.

स्वाती अजून म्हणते, गाडी वेळेवर दाखवायला हवी होती, माझंच चुकलं. मी तिला एकदाही अडवलेलं नाही.

आणि आई? त्या दिवशी निफाडला निघताना गाडीत बसल्यावर त्यांनी बंद काचेवरून हात फिरवला. म्हणाल्या, "तू होतीस म्हणून गं. नाहीतर तिचं तोंडही बघायला मिळालं नसतं."

मी मान डोलावली आणि मागच्या सीटवर बसले.