आईचा आजार

शिष्यवृत्ती एकदा मिळाली की शिक्षण संपेपर्यंत मिळत राहते, असं आमच्या गावात सगळ्यांना वाटायचं. मलाही. गडचिरोलीच्या कॉलेजात गेल्यावर कळलं, अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो. उत्पन्नाचा दाखला नवा, मागच्या वर्षी पास झाल्याची गुणपत्रिका, आणि वर्गातली ठरलेली हजेरी. पहिल्या वर्षी सगळं जमलं. दाखल्यासाठी आई धानकापणी टाकून माझ्यासोबत दोनदा धानोऱ्याच्या तहसीलात येऊन बसली होती.

दुसऱ्या वर्षी माझी हजेरी गेली. कारण इतकं साधं होतं की सांगायची लाज वाटते. भौतिकशास्त्र इंग्रजीत शिकवत, मला ते समजत नसे. एकदा सरांनी फळ्यावरचं वाचायला उभं केलं. मी एक शब्द भलताच वाचला. वर्ग हसला, सरही हसले. त्यानंतर मी कॉलेजात जाणंच सोडलं. सकाळी वसतिगृहातून दप्तर घेऊन निघायची आणि बसस्टँडच्या बाकावर बसून राहायची. गाड्या लागायच्या, सुटायच्या. ओळखीचं कुणी दिसलं की मी वही उघडायची.

हिवाळ्यात अर्ज भरायची वेळ आली. ऑफिसातल्या बाबूंनी माझा कागद बाजूला काढला. "हजेरी कमी हाये. पुढं पाठवता येत नाई. काही कारण असन तर वर्गशिक्षिकेची सही आना."

शिष्यवृत्ती गेली असती तर कॉलेज सुटलं असतं. मी मॅडमसमोर जाऊन उभी राहिले.

"इतके दिवस कुठे होतीस?"

"घरी, मॅडम. आईला सिकलसेल आहे. दुखणं उठलं होतं. करणारं कुणी नव्हतं."

आमच्या शेजारच्या मुलीला हा आजार होता. तिचं कण्हणं भिंतीपलीकडून ऐकतच मी मोठी झाले. त्यामुळे सांधे कसे ठणकतात, डोळे कसे पिवळे पडतात, मला सगळं सांगता आलं. मी ते छान सांगितलं. मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी सही केली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मी बाहेर येऊन नळाचं पाणी प्यायले. तेव्हा सुटल्यासारखंच वाटलं होतं, हे खरं आहे.

संक्रांतीला मी गावी होते. कॉलेजचं शिबिर जवळच्या गावात लागलं होतं, मला माहीत नव्हतं. दुपारी मॅडम एका मुलाच्या गाडीवर बसून थेट आमच्या अंगणात आल्या. हातात सफरचंदांची पिशवी.

"आई झोपल्यात का? उठवू नकोस. मी बसते."

मी काही बोलायच्या आत आई शेतातून आली. डोक्यावर धानाच्या तणसाचा मोठा भारा, पदर खोचलेला, चाल नेहमीसारखी भरभर. तिने भारा गोठ्यापाशी टाकला. मॅडम आधी भाऱ्याकडे बघत राहिल्या, मग तिच्याकडे.

"ताई, तब्येत कशी आहे आता? ही सांगत होती, फार त्रास झाला तुम्हाला."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. गावात कुणाचं भांडण झालं, की खरं काय ते विचारायला लोक आमच्या आईकडे येत. तिने डोक्यावरची चुंबळ काढली आणि दम लागल्यासारखी भिंतीला हात टेकत हळूच खाली बसली.

"आता बरी हावो, बाई. मधात लयच झालं होतं."

"मग असं ओझं उचलू नका."

"नाई उचलत."

मॅडम कोरा चहा पिऊन गेल्या. आई तिथेच बसून होती. मग म्हणाली, "मले कोनता रोग झाला होता, थे तरी सांगून ठेवाचं होतं. मी काऊन बसली थेच मले समजलं नाई."

मी सांगितलं. आजाराचं नाव ऐकून ती उठली. सफरचंदांची पिशवी माझ्या हातात दिली. "जिले खरंच हाये तिले नेऊन दे."

मी शेजारी गेले. ती मुलगी खाटेवर पडली होती. कुणी दिली, काऊन दिली, तिने विचारलं. मी म्हटलं, कॉलेजातल्या बाईंनी. तिने एक फळ दोन्ही हातांत धरलं. "मले ओयखते का थे?"

मी हो म्हटलं.

शिष्यवृत्ती मिळाली. त्यानंतर मी एकही तास चुकवला नाही. तिसऱ्या वर्षी अर्जासोबतच्या हजेरीच्या कागदावर सही घ्यायला मॅडमकडे गेले, तेव्हा सही व्हायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. बसस्टँडसुद्धा. मॅडमनी हातातल्या पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"समजत नाही, एवढं सांगायचं होतं ना मला."

मग त्यांनी सही केली. "आईंना नमस्कार सांग." तो नमस्कार मी घरी पोचवला नाही. पोचवायचा कसा, ते कळलं नाही.

पदवी मिळायची होती त्या दिवशी आईने कॉलेजात यावं म्हणून मी खूप मागे लागले. मॅडमला सगळं सांगून झालंय, हेही सांगितलं. ती धान पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"तू सांगतलं असन," ती म्हणाली. "तिच्यासमोर खोटं तं मी बोलली ना."

मी एकटीच गेले.