राजरत्नच्या कार्डाची फी

राजरत्न साळवे या माणसाचा मला जेवढा राग आला, तेवढा माझ्या नवऱ्याचाही कधी आला नाही. आणि नवऱ्याचा राग मला रोज येतो. बदलापूरला मांजर्लीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये राजरत्न दुसऱ्या मजल्यावर आणि आम्ही बरोबर त्याच्या खाली. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात तो स्टोअरकीपर होता. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, बोलणं हळू. कोणी पायावर पाय दिला तर हाच आधी सॉरी म्हणणार. बायको संध्या त्याच्या अगदी उलट. ती बालवाडीत शिकवायची आणि दर रविवारी विहारात वंदना सांगायची. तिचा आवाज असा खणखणीत की मी खाली भाजी चिरत असले तरी ती वर कोणाला काय म्हणाली ते मला कळायचं. मूलबाळ नव्हतं. दोघांचं छान चाललं होतं.

सोनेरी कार्ड आलं ते पुराच्या वर्षी, मार्चमध्ये. तेव्हा कंपन्यांच्या गेटवर टाय लावलेली पोरं छत्री उघडून बसायची आणि पगाराची स्लिप दाखवेल त्याच्या गळ्यात कार्ड मारायची. पहिलं वर्ष फ्री, पुढे वर्षाला तीन हजार. राजरत्न कार्ड आणि त्याच्याबरोबरचं पुस्तक घेऊन माझ्याकडे आला, कारण माझं इंग्रजी बरं आहे असा बिल्डिंगमध्ये एक गैरसमज होता. मी वाचून दाखवलं. विमानतळावर खास खोलीत बसायला मिळेल. गोल्फ खेळायला सवलत मिळेल.

“राजरत्नभाऊ, गोल्फ कुठे खेळणार? नदीवर म्हशी बसतात तिथे?” मी म्हणाले.

तो हसला. मग म्हणाला, “वहिनी, ते सोडा. हॉस्पिटलात चालतं का, एवढंच बघा.”

चालतं, असं मी सांगितलं. तेव्हा त्यानं मला त्याच्या वडिलांची गोष्ट सांगितली. सुदामकाकांच्या छातीत कळ आली, यानं त्यांना रिक्षात घालून एका खासगी हॉस्पिटलात नेलं. काउंटरवर सांगितलं, आधी वीस हजार डिपॉझिट. हा पैसे गोळा करायला निघाला, तर शेजारीच एका माणसानं पाकिटातून सोनेरी कार्ड काढलं, कागदावर सही केली आणि त्याच्या आईचं स्ट्रेचर आत गेलं. “मी अंबरनाथला चार घरं फिरून पैसे आणले वहिनी. आलो तर बाबांच्या तोंडावर चादर होती.” एवढं सांगून तो माझ्या घरातल्या कॅलेंडरकडे बघत बसला. त्या दिवसापासून मी त्या कार्डाची थट्टा केली नाही. म्हणजे कमी केली.

मग सव्वीस जुलै आला. आमचा तळमजला छतापर्यंत पाण्यात, पहिल्या मजल्यावरही कमरेएवढं. सगळी बिल्डिंग गच्चीवर. कोणाचा स्टोव्ह, कोणाचे तांदूळ, कोणाची डाळ. धर्मराज पगारे, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, ज्यांच्याशी पार्किंगवरून माझं भांडण होतं, त्यांनी माझ्या पोरांना आपल्या ताटातलं खाऊ घातलं. कमळाबाई सत्तरीच्या, त्यांनी बसल्या बसल्या सगळ्यांसाठी खिचडी ढवळली. जात, मजला, मेंटेनन्सची थकबाकी, सगळं पाण्याबरोबर गेलं. ते दिवस चांगले होते असं म्हटलं तर लोक वेड्यात काढतील, पण चांगले होते.

पूर ओसरला तसे घराघरातले फुगलेले टीव्ही, फ्रिज, मिक्सर बाहेर निघाले. राजरत्नच्या कारखान्यातही पाणी शिरलं होतं. मालकाला निमित्तच हवं होतं, दिवाळीनंतर गेटला कुलूप लागलं. ईएसआयचे, म्हणजे दवाखान्याच्या विम्याचे, पैसे कामगारांच्या पगारातून कापले होते, पण पुढे भरलेच नव्हते, हे तेव्हा समजलं. राजरत्न अंबरनाथ पश्चिमेला एका गोडाऊनमध्ये रोजावर लागला. आणि मार्चमध्ये कार्डाची तीन हजार फी लागणार होती.

तो मला विचारायला आला. फी भरावी की कार्ड बंद करावं?

“बंद करा,” मी म्हणाले. “महिन्याला साडेतीन हजार मिळतात तुम्हाला. त्यातले तीन हजार बँकेला द्यायचे? कशासाठी?”

“एकदा बंद केलं तर परत कोण देणार वहिनी? आता पगाराची स्लिप कुठाय माझ्याकडे? संध्याला बीपी आहे. उद्या काही झालं तर मी कुठे पळू?”

कार्डाबरोबरचं पुस्तक त्यानं माझ्यापुढे उघडलं. त्यात त्याला वाट सापडली होती. वर्षभरात पंचाहत्तर हजारांची खरेदी केली तर फी माफ. त्याची स्वतःची खरेदी सहा-सात हजार. उरलेली कुठून आणायची? तर बिल्डिंगमधून. सगळ्यांना टीव्ही-फ्रिज घ्यायचेच होते. ते माझ्या कार्डावर घ्या, म्हणाला, आणि पैसे मला द्या. तुमचं काही जात नाही, माझी फी वाचते.

आणि मग सुरू झाली वरात. सही त्याची लागायची, म्हणून प्रत्येकाबरोबर हा उल्हासनगरला जायचा. रोज बुडायचा. दुकानातले सिंधी शेठ भले माणूस, त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं, “भाऊ, कार्डपे दो टक्का उपर लगेगा, बँक मुझसे काटती है.” ते दोन टक्के शेजाऱ्यांकडून मागायची याला लाज. खिशातून भरायचा. मी हिशोब करून दाखवला, रोज बुडाला तो धरा, टक्के धरा, रिक्षा धरा, फी वाचवायला फीएवढेच गेले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तो म्हणाला, “थोडंच राहिलंय आता.” बिल्डिंगमध्ये त्याला कार्डवाले भाऊ म्हणायला लागले. जरा खूशही होता. नोकरी गेल्यावर पहिल्यांदाच कोणाला त्याची गरज लागत होती.

पैसे? कमळाबाईंनी मिक्सरचे पैसे दुकानातून परत येताच रिक्षात मोजून दिले. बाकी कोणी अर्धे, कोणी पुढच्या महिन्यात, कोणी “भाऊ, बोनस अडकलाय”. धर्मराज पगाऱ्यांनी एकोणतीस इंची टीव्ही घेतला आणि एक पैसा दिला नाही. वाईट माणूस नाही. मागितले असते तर दिले असते. पण मागणार कोण? मी राजरत्नला जिन्यात गाठून झापलं, तुम्ही मागत नसाल तर मी मागते. त्यानं हात जोडले.

“नको वहिनी. गच्चीवर त्यांच्या ताटात जेवलोय आपण. त्यांच्या दारात वसुलीला कसं जायचं?”

भीड भिकेची बहीण, असं माझी आई म्हणायची. बिलं येत होती, हा लोकांकडून आले तेवढे पैसे बँकेत भरत होता, कमी पडले की गोडाऊनच्या पगारातून टाकत होता, आणि बँक वर व्याज चढवत होती. फेब्रुवारीत पंचाहत्तर हजार पूर्ण झाले. फी माफ होणार होती. त्या दिवशी त्यानं पेढे वाटले. लोकांनी दुसऱ्याच्या पैशाच्या टीव्हीसमोर बसून ते खाल्ले. मीही खाल्ला.

पुढच्याच आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, वर काहीतरी धप्पकन पडलं. मी हाक मारली. उत्तर नाही. त्या घरातून उत्तर नाही म्हटल्यावर मी जिना कसा चढले ते मला आठवत नाही. संध्या मोरीच्या उंबऱ्यावर आडवी पडलेली. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे उघडे. माझ्याकडे बघून ती काहीतरी सांगत होती आणि तोंडातून नुसता घोगरा आवाज येत होता. मी आणि कमळाबाईंच्या सुनेनं तिला रिक्षात घातलं, राजरत्नला गोडाऊनवर फोन केला, आणि जवळच्या खासगी हॉस्पिटलात गेलो. त्यांनी सलाईन लावलं आणि सांगितलं, मेंदूचा झटका दिसतोय, लगेच स्कॅन करायला हवा, आयसीयूत घ्यायला हवं. पंचवीस हजार डिपॉझिट भरा.

राजरत्न आला तो शांत होता. हे मला सांगायलाच हवं. धापा टाकत होता, पण चेहऱ्यावर भीती नव्हती. एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं त्यानं. संध्याच्या कपाळावर हात ठेवून म्हणाला, “घाबरू नको, कार्ड आणलंय.” आणि काउंटरवर जाऊन त्यानं ते सोनेरी कार्ड ठेवलं.

मुलीनं कार्ड मशीनमधून ओढलं. “डिक्लाइन होतंय, सर.”

“परत करा.”

तिनं परत ओढलं. यानं कार्ड घेतलं, मागची काळी पट्टी शर्टाला घासून पुसली, पुन्हा दिलं. पुन्हा तेच. मग त्यानं बँकेला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, वाट बघा, गाणं. शेवटी कोणी बाई आली आणि तिनं गोड आवाजात सांगितलं की लिमिट साठ हजारांचं आहे आणि ते व्याजासकट भरलंय.

भरलं होतं कशानं? धर्मराजच्या टीव्हीनं, कोणाच्या फ्रिजनं, कोणाच्या वॉशिंग मशीननं. राजरत्न काउंटरला धरून उभा होता. मग तो ओरडला. त्या माणसाचा मोठा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. “माझ्यावर काही नाही! लोकांचं आहे ते! लोकांचं सामान आहे त्याच्यात!” मुलीनं मान खाली घातली. ती बिचारी काय करणार.

मी रिक्षा करून परत बिल्डिंगमध्ये आले. ज्यांनी भर दुपारी बदलापूर पाहिलंय त्यांनाच कळेल मी काय म्हणते ते. सगळे पैसे मुंबईला गेलेले असतात. माणसं ऑफिसात, एटीएमची कार्डं त्यांच्या खिशात, घरात बायका, म्हातारी आणि पोरं. धर्मराजकडे टीव्ही चालू होता. त्यांची बायको दारातच रडायला लागली, “वहिनी, यांना फोन करते, पण घरात दोनशे रुपये आहेत हो.” खोटं बोलत नव्हती. तिनं कानातल्या रिंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या. मला तिला मारावंसंही वाटलं आणि जवळ घ्यावंसंही. कमळाबाईंनी तांदळाच्या डब्यातून पैसे काढले. कोणी पाचशे, कोणी हजार. मी मजल्यामजल्यावर फिरले, सोनाराकडे गेले, तो जेवायला घरी गेलेला. तीन वाजता हॉस्पिटलात पोचले तर हातात निम्मेही नव्हते. तेवढ्यावर स्कॅन करा म्हणून मी भांडले. त्यांनी स्कॅन केला. बाकीचे पैसे संध्याकाळी आले, माणसं गाडीतून उतरली तेव्हा. धर्मराज स्टेशनवरून सरळ हॉस्पिटलात धावत आले, पिशवीत टीव्हीचे पूर्ण पैसे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांचं सगळं येणं चुकतं झालं. सगळ्यांकडे होते. नव्हते असं नव्हतंच.

डॉक्टर म्हणाले, पहिल्या दोन-तीन तासांत काही करता आलं असतं. कदाचित.

संध्या जगली. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. तिला सगळं कळतं. विहारातल्या बायका रविवारी घरी येऊन तिच्याजवळ बसून वंदना म्हणतात, तेव्हा तिचे ओठ हलतात आणि डोळ्यांतून पाणी येतं. मी वर जाते, बसते, बोलत राहते. आता ऐकायला येतं ते फक्त माझंच.

आमच्या बिल्डिंगला शरम होती. कोणी दूध आणून द्यायचं, कोणी औषधं. धर्मराज दर महिन्याला पाकीट घेऊन जायचे आणि राजरत्न प्रत्येक वेळी नम्रपणे परत करायचा. कोणाशी भांडला नाही, कोणाला बोल लावला नाही. त्यापेक्षा भांडला असता तर बरं झालं असतं. कार्डाबद्दल कोणी विचारलं की सांगायचा, “बंद केलं ते.”

पुढच्या वर्षी मार्चमध्ये, महिनाअखेरीला, कमळाबाईंच्या सुनेनं मला सांगितलं की राजरत्ननं वाण्याकडे तेल उधार मागितलं. मला संशय आला. मी वर गेले आणि सरळ विचारलं. त्यानं संध्याचं पांघरूण नीट केलं. मग म्हणाला, “फी भरली.”

“कशाची फी?”

“कार्डाची. चालू आहे ते.”

माझं डोकं फिरलं. एवढं होऊन, घरात तेल नाही, औषधांना पैसे पुरत नाहीत, आणि हा माणूस बँकेला तीन हजार देतो! आवाज खाली जाईल याची मला शुद्ध नव्हती. निदान त्या कार्डावर किराणा तरी भरा, मी म्हणाले, असलेलं वापरा तरी.

त्यानं मान हलवली. लोकांच्या आलेल्या पैशातून बँकेचं जुनं देणं मिटवल्यावर वर्षभरात त्यानं त्या कार्डावर एक रुपयाही खर्चला नव्हता. खरेदी केली तर फी माफ होते, पण तेवढं लिमिट अडतं. त्याला ते पूर्ण रिकामं हवं होतं.

“डॉक्टर म्हणालेत, दुसरा झटका कधीही येऊ शकतो,” तो हळूच म्हणाला, संध्याला ऐकू जाऊ नये म्हणून. “त्या दिवशी मला कोणाच्या दारात जायला लागू नये. तुमच्यापण नाही, वहिनी.” मग अगदी खरोखर विचारावं तसं त्यानं विचारलं, “तीन हजार जास्त आहेत का?”

मी भांडायला गेले होते. पलंगावरून संध्या आमच्याकडेच बघत होती.

“नाही,” मी म्हणाले. “जास्त नाहीत.”