खलफानच्या जीपची किल्ली

हल्ली पोरं मोबाइलमध्ये बघत बघत वाळूत शिरतात. शिरा बापड्यांनो! आमच्या वेळी रस्ता विचारायचा तो खलफानला.

आठवडाभर हा खलफान वाळवंटाच्या कडेवरच्या आमच्या बिदिया गावाच्या गल्लीबोळांतून पाण्याचा टँकर फिरवायचा. नळी टाकीत सोडायची आणि चाकाला टेकून डुलकी काढायची, असा घामट, लांबोडका माणूस. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही. पण गुरुवारी दुपारी शुक्रवारची सुट्टी लागली, की हाच माणूस पांढराशुभ्र झगा घालून आपल्या जुन्या जीपमध्ये बसायचा आणि आम्ही आपापल्या गाड्या घेऊन त्याच्या मागे निघायचो. आम्ही दोघं म्हणजे मी, शाळेतला कारकून मुसल्लम, आणि जुमा मासळीवाला.

वाळू सुरू होते तिथं चाकांतली हवा कमी करावी लागते, नाहीतर गाडी रुतते. माझ्याकडं हवा मोजायचं यंत्र होतं. खलफान चाकाला नुसती टाच मारून बघायचा.

"मुसल्लम, तुझी चाकं तुझ्या बायकोच्या भाकरीसारखी टणक आहेत. सोड अजून."

"यंत्र बरोबर सांगतंय!"

"मग यंत्राला बसव गाडीवर."

दहा मिनिटांत मी रुतायचो. याचा मला जो काही संताप यायचा! जो रुतेल त्यानं जेवणाची भांडी घासायची, असा आमचा नियम. बावीस वर्षं ती मी आणि जुमानंच घासली, तीही वाळूनं. खलफान शेजारी आडवा पडून चुका काढायचा, "बुडाला करपलेलं राहिलंय रे."

काय दिवस होते! इंजिन बंद केलं की कानात भणभण व्हायची, इतकी शांतता. पाय ऊन ऊन वाळूत खुपसून भात आणि सुकी मासळी खायची. जुमा बेसूर गायचा आणि आम्ही त्याला शिव्या घालायचो.

मग तो गुरुवार आला. वाळूच्या टेकडीची कडा ओळखायची ती सावलीवरून. भर दुपारी सावली नसते, सगळं पांढरं सपाट दिसतं, म्हणून तेव्हा आम्ही गाड्या उभ्याच करतो. त्या दिवशी मात्र ऊन उतरलं होतं आणि सावल्या चांगल्या लांब पडल्या होत्या. जुमा एका टेकडीखाली चूल पेटवत होता. खलफान लाकडं घेऊन परत येत होता. कडेपाशी थांबून खाली बघायचं, हे त्यानंच आम्हाला शिकवलेलं. तो थांबलाच नाही. जीप कडेवरून नाक खाली करून घसरत आली ती जुमापासून दोन हातांवर थांबली.

"आंधळा झालास का रे मेल्या!" जुमा किंचाळला.

खलफान खाली उतरला, त्यानं मागं वळून टेकडीकडे बघितलं आणि हळूच मला विचारलं, "कडा कुठं होती?"



"तू जाऊन बोल," दुसऱ्या दिवशी जुमा मला म्हणाला. "तू शिकलेला. मी बोललो तर भांडण होईल. पण किल्ली घेऊनच ये. एखाद दिवशी कुणाचा तरी जीव घेईल तो."

गेलो. खलफानची बायको खजूर ठेवून आत गेली. त्यानं कॉफी ओतली. मी कप घेतला आणि तोंडाला न लावता समोर सतरंजीवर ठेवला. आमच्याकडे पाहुण्यानं कप असा ठेवला, की त्याला काही मागायचं असतं. यजमान 'पी, दिलं' म्हणेपर्यंत पाहुणा पीत नाही, आणि न पिता उठून गेला तर यजमानाची नाचक्की.

खलफान कपाकडे बघत राहिला.

"उंटीण माग," तो म्हणाला.

"नको."

"खजुरीची झाडं आहेत विहिरीपाशी. सगळी घे."

"खलफान, मला काय हवंय ते तुला ठाऊक आहे."

"लाज नाही वाटत? बावीस वर्षं माझ्या मागं मागं आलास!"

"वाटते. फार वाटते. पण मी पिणार नाही."

कॉफी पार निवली. आतून बायकोचा आवाज आला, "दे ना रे त्याला." मग त्यानं खिशातून किल्ली काढली आणि माझ्या कपाशेजारी ठेवली. "पी, दिली."

ती गार कडू कॉफी मी एका घोटात संपवली. मला रडूच यायचं बाकी होतं.

मी उठणार, तेवढ्यात त्यानं स्वतःसाठी कप भरला आणि न पिता माझ्यासमोर ठेवला. घरच्या धन्यानं पाहुण्याकडे असं मागितलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"पी, दिलं," मी न विचारताच म्हणालो.

"गुरुवारी मला न्यायला ये," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाल, उगाच कशाला त्रास त्याला, राहू दे घरी. एकदा म्हणाल, दोनदा म्हणाल, मग तुम्हाला सवय होईल. ती होऊ देऊ नकोस."

"दर गुरुवारी येईन. शब्द दिला."

तेव्हा तो हसला आणि कप उचलायला त्यानं हात पुढं केला. कप होता तिथून वीतभर अलीकडेच त्याची बोटं सतरंजी चाचपत राहिली.