पोलादपूर ते महाड, चार मीटरच्या काठीसकट

हा ब्लॉग माझ्या नातसुनेचा, दीपालीचा. ती फिरून येते आणि कुठे थांबलो, काय खाल्लं ते लिहिते. या खेपेला फिरून मी आले, म्हणून सांगते मी आणि टाइप करते ती. मध्येच एखादा शब्द फारच शहाणा वाटला तर तो तिचा समजा.

जायचं ठरवलं माझ्या मुलाने, अनंतने. त्याची मुलगी सुप्रिया, म्हणजे आमची सुपी, तेवीस वर्षांची. गेली चार वर्षं पुण्याला राहून ती बांबू उडी शिकते. म्हणतात बांबू उडी, पण त्यात बांबू नाही, फायबरची काठी असते. इथूनच माझा गोंधळ सुरू झाला आणि तो अजून संपलेला नाही. मागच्या वर्षी तिचा खांदा दुखावला, वर्ष फुकट गेलं, आणि महिन्यापूर्वी ती काठीसकट घरी आली. आता शनिवारी महाडला जिल्ह्याची निवड होती. तीन मीटर उडी गेली तर राज्याच्या शिबिराला पुण्याला सहा महिने. नाही गेली तर सोमवारपासून एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये काम. ती जागा अनंतने चार लोकांच्या विनवण्या करून मिळवलेली.

अनंत मला बाजूला घेऊन म्हणाला, "आये, तू जा तिच्यासंगं. उडी होऊ दे नायतर नको होऊ दे, तिला घेऊन ये. तुझं ऐकते ती."

माझं कोण किती ऐकतं ते मला माहीत आहे. पण महाड बघून तीन वर्षं झाली होती. मी हो म्हणाले.

शुक्रवारी सकाळी निघालो. आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात, गाडी येत नाही. खाली रस्त्यापर्यंत अर्ध्या तासाची पायवाट, माझ्या गुडघ्यांना धरलं तर पाऊण तासाची. तुम्ही कोणी यायचं म्हणाल तर चपला नकोत, बूट घाला आणि पाणी बरोबर ठेवा. काठी चार मीटरची, लांब कापडी पिशवीत घातलेली. पुढचं टोक सुपीच्या खांद्यावर, मागचं माझ्या. खालच्या वाडीशी आलो तर धोंडू म्हातारा अंगणातून उठलाच.

"कोण आजारी गो?"

"कोणी नाय."

"मग डोली कुणाची?"

आमच्याकडे खांद्यावर लांब काही घेऊन दोन माणसं उतरताना दिसली की लोक तसंच समजतात. मी म्हटलं, "पोरीच्या खेळाची काठी हाय." तो म्हणाला, "खेळायला इतकी लांब?" आणि तरी माझ्याकडचं टोक काढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं. रस्त्यापर्यंत आला. वाटेत दोनदा वळून झोळीत कोणी नाही ना याची खात्री करून घेतली. झोळीच नव्हती, पण माणूस काळजीवाहू.

एसटीचं सांगते. पंचाहत्तरी उलटलेल्यांना तिकीट नाही, बायकांना अर्धं. आधार कार्ड मात्र जवळ ठेवा, माझ्या सुरकुत्या बघूनही कंडक्टर कार्ड मागतो. तो म्हणाला, "आजी, तुम्ही फुकट, ही अर्ध्या तिकिटात, पण काठी कुठे ठेवू? ड्रायव्हरच्या मांडीवर?" दोन गाड्या अशाच सोडल्या. मग एमआयडीसीतल्या कँटीनला भाजी टाकणारा एक पिकअपवाला थांबला. मागे फ्लॉवरच्या पोत्यांवर सुपी बसली, काठीचं टोक बाहेर, त्याला माझा लाल हातरुमाल बांधला. मी पुढे.

"आजी, काठी कुणाला मारायची?" त्याने विचारलं.

"कुणाला नाय. ती घेऊन धावते आणि स्वतःलाच वर फेकते."

"आणि मग?"

"मग पडते."

त्याने आरशातून मागे सुपीकडे बघितलं आणि गाडी जरा हळू केली. बिरवाडी फाट्याला एमआयडीसीची शिफ्ट सुटली होती, डबे लटकवलेल्या मोटरसायकली, बस, आणि कारखान्यांचा तो आंबूस वास, जो महाडकरांना येतच नाही. मी मागे वळून बघितलं. सुपी त्या गर्दीकडे बघत नव्हती. काठीवर हात ठेवून बसली होती, गाभण म्हशीच्या पोटावर ठेवतात तसा.

महाडला माझ्या भाचीकडे, सुमनकडे उतरलो. बाजाराच्या मागे घर. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी. हॉटेलात यातलं काही नीट मिळत नाही. ओळखीचं कोणी शोधा आणि त्यांच्याकडे जेवा.

आता शनिवार. सुपी सकाळी उठून नदीकडे धावायला गेली. काठी पडवीत आडवी ठेवलेली होती. मी पिशवी काढून बघितली. अंग कोरडं पडलेलं, धरायच्या जागी काळपट पट्टी गुंडाळलेली, पट्टीवर पांढरी भुकटी. मला वाईट वाटलं. आमच्या घरात एकही काठी तेल पाजल्याशिवाय राहिली नाही. गुराखी असो की रखवालदार, महत्त्वाच्या कामाला निघताना काठीला तेल पाजायचं, ती तडकत नाही, हाताला बसते. सुमनकडून खोबरेलाची बाटली घेतली आणि वरपासून खालपर्यंत मन लावून चोळलं. पट्टीलाही मुरवलं. काठी अशी चमकली की सुमन म्हणाली, "मावशे, आता ही एकटीच उडंल."

पिशवी परत चढवली. सुपीला सांगितलं नाही. मैदानावर बघेल आणि खूष होईल, असं माझ्या मनात.

मैदान नाते गावाच्या रस्त्याला, एका शाळेचं. मिनिडोअर रिक्षा जातात, भरल्याशिवाय हलत नाहीत. आमची काठी टपावर बांधली. तिथे पोचलो तर पुण्याहून ट्रकने आणलेल्या गाद्या, इतक्या मोठ्या की आमची अख्खी वाडी झोपेल. दोन खांब, त्यावर आडवी दांडी. उडी मारणाऱ्या पोरी दोनच, आमची सुपी आणि पेणची सानिका, सतरा वर्षांची. मी म्हटलं, दोघींतच चढाओढ, तर एकीला एक नंबर, दुसरीला दुसरा, झालं की. सुपी म्हणाली, "तसं नाय आजी. नंबर कुठलाही येऊ दे, तीन मीटर जायला पाहिजे."

मग तिने पिशवी काढली, काठी घेतली, धावली. मध्येच हात सुटला आणि काठी मातीत गेली. ती थांबली. तळवा नाकाशी नेला. माझ्याकडे आली.

"आजी, खोबरेल?"

"काठीला तेल पाजल्याबिगर कोण बाहेर काढतो?"

ती खाली बसली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. हळूच म्हणाली, "बाबांनी सांगितलं होतं काय तुला?"

त्याने सांगितलं होतं ते तिला घेऊन यायचं, तेलाचं नाही. पण दोन्ही एकदम डोक्यात आलं आणि तोंड उघडेना. मला गप्प बघून ती काय समजली ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

बोलून उपयोग नव्हता. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईकडे गेले. तिच्या चुलीतली राख घमेल्यात घेतली. तिने विचारलं, "भांडी घासायची आजी?" मी म्हटलं, "पाप घासायचंय." सुपीने पट्टी सोलून काढली, मी काठी राखेने घासली, पदराने पुसली, पुन्हा घासली. नवी पट्टी सानिकाने दिली. जिच्याशी चढाओढ तिनेच पट्टी दिली, हेही मला कळलं नाही.

इकडे खेळ सुरू झालेला. दांडी खाली होती तेव्हा पंचांनी सुपीचं नाव पुकारलं, तिने हात हलवून नको म्हटलं. पुन्हा पुकारलं, पुन्हा नको. मला वाटलं, पोरीने सोडलं. पंचांना जाऊन विचारलं, "हिचं नाव काढलंत काय?"

"नाही आजी. खालच्या उंचीवर उडी मारलीच पाहिजे असं नाही. ती एकदम तीनवर येणार आहे."

"आणि तिथे पडली तर?"

"तीन संधी. तिन्ही गेल्या तर काहीच धरलं जात नाही."

म्हणजे कमी उंचीची उडी जी ती झोपेत मारेल, तीही नाही. आणि ती का मारता आली नाही, तर माझ्यामुळे. तीन मीटर म्हणजे आमच्या घराच्या पागोळीपेक्षा वर. तिथून कौलं उतरवायला आम्ही शिडी लावतो.

पहिल्यांदा हात घसरला, ती दांडीखालूनच गादीवर गेली. दुसऱ्यांदा वर गेली, पण छातीने दांडी पाडली. मी डोळे मिटायचं ठरवलं होतं, पण मिटले नाहीत. तिसऱ्यांदा ती धावली, काठी वाकली, मोडणार इतकी वाकली, आणि मग पाय वर, डोकं खाली अशी ती उलटी वर गेली. दांडी थरथरली. खांबांवरच राहिली.

मला वाटलं संपलं. तर पंचांनी दांडी अजून वर केली. तिथे सुपीने ती तीनदा पाडली आणि पंच म्हणाले झालं. सानिकाला म्हटलं, "शेवटी पडलीच की गो माझी पोर."

"आजी, ताईची निवड झाली. या खेळात जिंकणारापण शेवटी दांडी पाडूनच थांबतो."

असला कसला खेळ, मी अजून विचार करते आहे.

संध्याकाळी सुमनच्या पडवीत सुपीला मी होऊन सांगितलं. "तुझ्या बापाने घेऊन यायला सांगितलं व्हतं. तेलाचं नाय सांगितलं."

"मग तेल का लावलंस?"

"चांगलं व्हावं म्हणून."

"खरं?"

मी हो म्हणाले. मुद्दाम केलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण ती घरी आली तर बरं, असं माझ्याही मनात होतं, आणि हात मनाला विचारून काम करतात की न विचारता, हे या वयात कुणाला विचारू? सुपी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "राखेने तळवे सोललेत तुझे. दाखव." आणि कुठलंसं मलम चोळत बसली.

रविवारी ती गाद्यांच्या ट्रकमधून पुण्याला गेली. मी एसटीने एकटी आले, खिडकीची जागा मिळाली. पोलादपूर स्टँडवर वडापाव खाल्ला, गरम होता म्हणून बरा लागला. वर चढायला सव्वा तास. अनंत अंगणात उभा होता. माझ्यामागे वाटेवर बघत राहिला.

"आणली नायस?"

"नाय."

सोमवारी सकाळी कंपनीतून फोन आला. अनंतने तो माझ्या हातात दिला. साहेब चांगले होते, हळू बोलत होते. मुलगी हजर का झाली नाही, म्हणाले.

"ती नाय येणार."

"काही अडचण आहे का आजी?"

"अडचण नाय. तिला जमतंय."

"काय जमतंय?"

"ते मला नीट समजलं नाय साहेब. पण ती येणार नाय."