दगडूभियाचं सर्कल

एक्क्याण्णव सालच्या उन्हाळ्यात कापडमिलने दगडू सोनवणेला शहरातल्या तुकोगंजच्या एका बड्या हॉटेलात तीन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं आणि गल्लीला महिनाभर चघळायला विषय मिळाला. कारण दगडू गेला तो लग्नातला कोट घालून. ऐन मे महिन्यात! महूच्या पलटणीतल्या हवालदाराचा मुलगा, त्याला पोशाखाचं कोण सांगणार? परत आला तेव्हा काखेत जाड फाइल आणि तोंडात एकच जप: क्वालिटी सर्कल.

"जपानी पद्धत आहे," त्याने ओट्यावर जाहीर केलं. "आठ-दहा कामगारांनी हप्त्यातून एकदा टेबलाभोवती बसायचं. माल खराब का होतो ते आपणच शोधायचं, आपणच सुधारायचं."

"टेबल मिल देणार की घरून न्यायचं?" रघुवीरने विचारलं. रघुवीर त्याच्याच हाताखालचा विणकर, राहायला समोर, जीभ कात्रीसारखी. "आणि भिया, जपानात मीटिंगला पोहे देतात का?"

आतून दगडूच्या बायकोचा, गयाबाईचा आवाज आला, "आधी घरात सर्कल बसवा. डाळ खालून का करपते ते शोधा."

गल्ली हसली. दगडू हसला नाही. मिलचं काही खरं नाही, हे तेव्हा पानवालासुद्धा सांगत होता. मिलच्या साहेबांनी दगडूला बाजूला घेऊन म्हटलं होतं, की ज्या खात्यात खराब कापड कमी निघेल ते खातं टिकेल. दगडू लूमखात्यातला जॉबर, तीस विणकरांचा मुकादम. तीस घरं त्या एका वाक्याला टांगलेली.

पहिल्या मीटिंगची पार फजिती झाली. लूमच्या खडखडाटात आयुष्य गेलेली माणसं. निम्म्यांना ऐकू कमी, सगळे हातवाऱ्यांनी बोलणारे. टेबलाशी बसवल्यावर मुलगी बघायला आल्यासारखे अवघडून बसले. "चूक कुठे होते?" म्हटल्यावर सगळे छताकडे बघू लागले. चूक कबूल केली की दंड, हे त्यांना फाइलवाल्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मग दगडूने फाइल मिटली. टेबल काढून टाकलं. फाइलीप्रमाणे माशाच्या काट्यासारखं कारणांचं चित्र काढायचं होतं, तेही सोडलं. अर्ध्यांना वाचताच येत नव्हतं. खात्याच्या दाराशी एक फळा टांगला आणि प्रत्येक लूमला एक ओळ दिली. धागा तुटला की फुली, तेलाचा डाग पडला की टिंब, लूम बंद पडून उभा राहिला की आडवी रेघ. माणसाचं नाव कुठेच नाही. पहिली खूण त्याने स्वतःची केली आणि हातवारे करून कारणही सांगितलं: पट्टा ढिला राहिला, कारण जॉबर बिडी ओढत बसला होता. खातं खो-खो हसलं. दुसऱ्या दिवसापासून जो तो खडू मागू लागला. रघुवीर तर शेजाऱ्याच्या चुकाही इतक्या प्रेमाने मांडायला लागला, की त्याला आवरावं लागलं.

चार महिन्यांत खराब कापड निम्म्यावर आलं. दगडू रोज फळा वहीत उतरवी आणि शनिवारी वही साहेबांकडे नेई. पण वहीत आडव्या रेघा फार होत्या. सूतच येत नव्हतं, मोडलेला भाग बदलून मिळत नव्हता.

"रेघा वर नको पाठवू भिया," रघुवीर म्हणाला. "उभ्या लूमचं कशाला सांगतो?"

"सांगितल्याशिवाय सूत कसं पाठवतील? बावळाच आहेस."

दिवाळीच्या तोंडावर गेटावर नोटीस लागली. लूम अर्धा वेळ उभे असतात, असं कामगारांनीच ठेवलेल्या नोंदींवरून दिसतं, सबब हे खातं सर्वांत आधी बंद. कमी झालेल्या खराब कापडाबद्दल त्यात अक्षर नव्हतं. एकट्या दगडूला तीन महिने कामावर ठेवलं होतं, लूम खोलून उतरवायला. कुठला विकण्याजोगा आणि कुठला भंगारातला, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत?

गेटाबाहेर रघुवीर सायकल धरून उभा होता.

"त्या रेघा तुझ्याच ना?"

"माझ्याच."

"एखादी खोटी होती?"

"एकही नाही."

दगडू टोमण्याची वाट बघत राहिला. ज्याने आपल्या सासऱ्याच्या तेराव्यालाही कोणाला सोडलं नव्हतं, त्याने नुसती सायकल वळवली.

"रघ्या, शिवी तरी दे रे."

रघुवीर सायकलवर बसून निघून गेला.

लूम उतरवण्याच्या पहिल्या दिवशी दगडू दुपारच्या आत घरी आला. "काम सोडलं," एवढंच म्हणाला. एरवी एका शब्दाला दहा ऐकवणाऱ्या गयाबाईने नुसतं ताट वाढलं. सत्तावीस दिवस तो संध्याकाळी समोरच्या दाराशी जाऊन उभा राहिला. रघुवीरची बायको म्हणायची, "ते झोपलेत भाऊजी." आतून बिडीचा वास येई.

अठ्ठाविसाव्या दिवशी रघुवीर बिऱ्हाड घेऊन गौतमपुऱ्याला मेहुण्याच्या शेतावर निघाला. गल्लीत दारोदार थांबला, म्हाताऱ्यांच्या पाया पडला, पोरांना टपल्या मारल्या. दगडू वाटेत खायला बांधलेली शेवेची पुडी घेऊन सकाळपासून उंबऱ्यात उभा होता. सामानाचा टांगा त्याच्या दारावरून जाताना रघुवीरने पुढे बसलेल्या आपल्या पोराची टोपी नीट केली. ती नीटच होती. टांगा नाक्यावर वळेपर्यंत तो ती नीट करत राहिला.